दिवसा हेडलाइट लावावा का? नाशिककर चालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी शिकायला येणारे, नवी गाडी घेणारे आणि वीस-वीस वर्षं गाडी चालवणारेही दिवसाच्या लाइटबद्दल तेच तेच प्रश्न पाठवत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. भर उन्हात हेडलाइट कशाला? रस्ता तर लख्ख दिसतोय.

रस्ता तुम्हाला दिसतोय, पण तुम्ही दुसऱ्याला दिसताय का, हा मुद्दा आहे. रात्रीचा लाइट आपल्याला दिसावं म्हणून लावायचा, दिवसाचा आपण दिसावं म्हणून. राखाडी कार राखाडी डांबरावर, मागे राखाडी आभाळ, असं असलं की समोरच्याची नजर तिच्यावरून घसरून जाते. पेटलेला दिवा मात्र नजरेच्या कडेलाही टिपला जातो. गाडी उभी आहे की येतेय, जवळ आहे की लांब, याचा अंदाजही थोडा लवकर येतो.

हा लवकर आलेला अंदाज ओव्हरटेक करताना कामाला येतो. दुपदरी रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या गाड्या ताशी ७० ने येत असतील, तर त्यांच्यातलं अंतर सेकंदाला जवळपास ३९ मीटरने कमी होतं. समोरच्याने तुम्हाला दोन सेकंद आधी पाहिलं, तर त्याच्या हाती पाऊणशे मीटर जास्तीचे आले. आयशरच्या मागून डोकं बाहेर काढून ‘जाऊ का नको’ ठरवणाऱ्याला तेवढे पुरतात.

२. माझ्या नव्या बाइकला लाइट बंद करायचं बटणच नाही. बिघाड आहे का?

नाही. १ एप्रिल २०१७ पासून तयार होणाऱ्या दुचाकींना इंजिन चालू झालं की हेडलाइट आपोआप लागणं सक्तीचं आहे. त्याला एएचओ म्हणतात, म्हणजे ऑटोमॅटिक हेडलॅम्प ऑन. बटण कंपनीनेच काढलेलं आहे. अप्पर-डिप्परचं (हाय बीम-लो बीमचं) तेवढं राहिलं. त्याआधीच्या गाडीला ही सक्ती लागू नाही, पण हाताने लाइट लावून फिरायला कोणी अडवलेलं नाही, आणि आमचं मत विचाराल तर लावाच.

३. समोरून येणारे लोक हाताने खुणा करतात, “लाइट चालू राहिलाय” म्हणून ओरडतात. काय करू?

हसून मान हलवा आणि पुढे जा. पाच बोटं जुळवून उघड-मीट करायची ती खूण अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे. सीबीएसच्या (मध्यवर्ती बसस्थानकाच्या) सिग्नलवर मागच्या सीटवरच्या आजीही ती करतात, आणि त्यामागे निव्वळ माया असते. एएचओ येऊन इतकी वर्षं झाली तरी सवय गेलेली नाही. खूण करणाऱ्याला तुम्ही दिसलात, म्हणजे लाइटने आपलं काम केलं. मात्र तीच खूण कोणी रागाने करत असेल, तर एकदा हाय बीम चालू नाही ना ते बघा (प्रश्न ८).

४. कारला दिवसा लाइट लावणं कायद्याने बंधनकारक आहे का?

स्वच्छ उजेडात नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०५ सांगतो की सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाआधी अर्ध्या तासापर्यंत लाइट हवेत. एवढंच लोकांच्या लक्षात राहतं. त्याच नियमात पुढे आहे, की पुढे १५५ मीटरवरची माणसं आणि वाहनं स्पष्ट दिसण्याइतका उजेड नसेल, तर कोणत्याही वेळी लाइट लावलेच पाहिजेत. मुसळधार पाऊस, धुकं, काळोखून आलेलं आभाळ, सगळं यात बसतं. इगतपुरीत जुलैमध्ये भर दुपारी बाराला ही अट कितीदा तरी लागू होते.

१५५ मीटर कसे मोजायचे? फूटपट्टी लागत नाही. पुढची गाडी आहे हे कळतंय, पण ती रिक्षा आहे की पिकअप ते कळत नाहीये, असं झालं की बटण फिरवा.

५. डीआरएल आणि हेडलाइट एकच का?

नाही. डीआरएल (डेटाइम रनिंग लॅम्प) म्हणजे खास दिवसा चालू राहण्यासाठी दिलेला वेगळा दिवा. बहुतेक नव्या गाड्यांत पुढे एलईडीची पट्टी असते ती. तो रस्ता दिसेल इतका उजेड पाडत नाही, फक्त गाडी उठून दिसावी एवढंच त्याचं काम. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतल्या नियम ८७ नुसार त्याची तीव्रता किमान ४०० आणि कमाल १२०० कँडेला ठेवतात. हाय बीम याच्या कितीतरी पट प्रखर असतो. युरोपीय संघात फेब्रुवारी २०११ पासून नव्याने येणाऱ्या कार-मॉडेलना डीआरएल सक्तीचा झाला.

पार्किंग लाइट हा आणखी तिसराच प्रकार. उन्हात तो लावला न लावला सारखाच.

६. माझ्या कारला डीआरएल आहे. मग पावसात हेडलाइट वेगळा लावायची काय गरज?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि धोकाही इथेच सगळ्यात जास्त आहे. बहुतेक गाड्यांत डीआरएल फक्त पुढे लागतो. मागचे लाल दिवे बंदच राहतात.

डोळ्यांसमोर आणा. कसारा घाट चढून तुम्ही इगतपुरीकडे येताय, पावसाची झड आहे, वायपर जोरात चाललाय. तुमच्या गाडीचा पुढचा भाग दिमाखात चमकतोय. मागून भरलेला ट्रक येतोय, पुढच्या गाड्यांच्या चाकांनी उडवलेल्या पाण्याचा फवारा त्याच्या काचेवर आहे, आणि त्या पांढुरक्या पडद्यापलीकडे तुमची पांढरी कार आहे. तिला मागे एकही दिवा नाही. तुम्ही ब्रेक दाबाल तेव्हाच त्याला कळणार, की इथे काहीतरी आहे.

त्यात नव्या गाड्यांचा डॅशबोर्ड दिवसरात्र उजळलेला असतो. जुन्या गाडीत मीटर काळा दिसला की लाइट लावायची आठवण व्हायची. आता मीटर झगमगतो, बोनेटपुढे डीआरएलचा थोडा उजेड पडतो, आणि चालकाला वाटतं लाइट चालू आहेत. संध्याकाळी द्वारका ते आडगाव नाका या टप्प्यात अशा मागून अंधाऱ्या गाड्या रोज दिसतात. डॅशबोर्डवर लाइटची हिरवी खूण बघा: ती पेटली असेल तरच मागचे दिवे चालू आहेत असं धरा. खात्री करायची तर अंधाऱ्या पार्किंगमध्ये एकदा गाडी चालू ठेवून मागे जाऊन स्वतः बघा.

म्हणून आमचा साधा नियम: वायपर सतत चालू, तर हेडलाइटही चालू.

७. ‘ऑटो’वर ठेवलं की झालं ना?

बऱ्याच वेळा होतं, नेहमी नाही. काचेजवळचा सेन्सर उजेड मोजतो, किती लांबचं दिसतंय ते मोजत नाही. धुकं पांढरं आणि उजळ असतं, त्यामुळे समोर पन्नास मीटरवरचं दिसत नसलं तरी सेन्सरच्या लेखी दिवस असतो. धुक्यात आणि पावसात हाताने लावा.

८. हाय बीम लावला तर मी आणखी लांबून दिसेन. मग तोच का नको?

दिसाल, पण समोरच्याला तुमच्याशिवाय दुसरं काही दिसणार नाही. हाय बीमच्या झगझगाटात तुमचा इंडिकेटर बुडून जातो, तुमच्या शेजारून येणारा सायकलवाला गायब होतो आणि तुमचं अंतर किती हेही कळेनासं होतं. नियम १०६ मध्ये माप दिलेलं आहे: दिव्यापासून ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याचे डोळे दिपता कामा नयेत. दिवसा कायम लो बीम, म्हणजे डिप्पर.

वळणावर किंवा ओव्हरटेकआधी एकदा अप्पर देणं वेगळं. पण त्याचा अर्थ प्रत्येकजण आपापला लावतो. आपल्याकडे बहुतेक वेळा तो “मी येतोय, तू थांब” असा असतो, काही चालक मात्र “ये बाबा तू” म्हणून देतात. समोरच्याने अप्पर दिला म्हणून गाडी पुढे घालू नका.

मागे चार माणसं आणि डिकीत द्राक्षाच्या पेट्या असतील, तर गाडीचं नाक वर होतं आणि लो बीमसुद्धा डोळ्यांत जातो. स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला शून्य ते तीन आकड्यांचं चाक असतं. ते त्यासाठीच दिलंय. वजन जास्त तेवढा आकडा मोठा. कित्येकांनी गाडी विकेपर्यंत त्याला हात लावलेला नसतो.

९. दिवसभर लाइट लावला तर पेट्रोल किती जास्त जातं? बॅटरी उतरेल का?

हिशेब मांडू. हॅलोजन लो बीमचे दोन बल्ब ५५ वॅटचे, वर मागचे आणि नंबर प्लेटचे दिवे, असे सगळे मिळून साधारण १५० वॅट. अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा भाग) आणि इंजिन या दोघांत वाया जाणारी ऊर्जा धरली, तर तासाला सुमारे ०.१ लिटर पेट्रोल. नाशिकहून पुण्याला साधारण २१० किलोमीटर, पाच तास धरा: अर्धा लिटर. जेवणाच्या थाळीइतकेही पैसे नाहीत. एलईडी हेडलाइट असतील तर याच्या निम्म्याहून कमी, आणि नुसता डीआरएल असेल तर हिशेब करायचीही गरज नाही.

दुचाकीचं गणित वेगळं आहे. बऱ्याच दुचाकींत इंजिन फिरतंय तोवर मॅग्नेटो वीज बनवतच राहतो आणि नको असलेली वीज रेग्युलेटर उष्णतेत घालवून टाकतो. लाइट बंद ठेवून तुम्ही तिथे काही वाचवत नाही. जुन्या स्कूटर-मोटारसायकलींत तर हेडलाइट थेट मॅग्नेटोवर चालतो. सिग्नलला गाडी आयडलिंगवर आली की तो मंदावतो आणि रेस दिली की उजळतो, ते त्यामुळे. त्याचा बॅटरीशी संबंधच नाही.

बॅटरी उतरते ती इंजिन बंद करून लाइट चालू राहिल्यामुळे. बहुतेक गाड्या दार उघडताच बीप देतात, तो आवाज ऐकायची सवय ठेवा. बल्ब मात्र लवकर बदलावा लागतो, ते मान्य.

१०. नाशिकच्या आसपास नेमका कुठे फरक पडतो? शहरातही लावायचा का?

कॉलेज रोडवर ताशी वीसने सरकताना दिवसाच्या लाइटने फार काही होत नाही. तिथे सगळे एकमेकांना दिसतातच, फक्त कोणी कोणाचं ऐकत नाही. खरा उपयोग दुपदरी रस्त्यांवर. पेठ रस्ता, त्यातही सावळघाट. दिंडोरी-वणी. त्र्यंबकहून पुढे जव्हारकडे. इथे ओव्हरटेक समोरच्या गाडीच्या पट्ट्यातूनच करावा लागतो आणि रस्त्याकडेच्या झाडांची ऊन-सावली एकसारखी बदलत असते. झाडाच्या दाट सावलीतून येणारी काळी मोटारसायकल उन्हात असलेल्या चालकाला खरोखर दिसत नाही. लाइट असेल तर दिसते.

मुंबई-आग्रा महामार्ग दुभाजकाचा आहे, म्हणून तिथे गरज नाही असं वाटतं. पण ओझर, पिंपळगाव बसवंतच्या पट्ट्यात पुढच्या कटपर्यंतचा वळसा वाचवायला उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाकी कमी नाहीत. आपण ते थांबवू शकत नाही. आपण लांबून दिसलो तर निदान तो कडेला होईल. चांदवडचा राहुड घाट, पुणे रस्त्यावरचा मोहदरी घाट, कसारा: घाटात बाराही महिने लावा.

निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं धुकं शेतांवरून रस्त्यावर येतं. सूर्य उगवायलाच सात वाजून जातात, आणि भाजीच्या गाड्या, शाळेच्या व्हॅन, कंपनीच्या बस सगळ्या त्याच वेळेला रस्त्यावर असतात. तिथे डीआरएलवर भागवू नका.

११. धुक्यात चारही इंडिकेटर लावून चालवावं का?

नको. चारही इंडिकेटर म्हणजे “मी थांबलोय, अडचणीत आहे” असा इशारा. ते लावून तुम्ही चालत राहिलात, तर मागच्याला तुम्ही उभे आहात की जाताय हे कळत नाही, आणि वळायच्या वेळी तुमच्याकडे इंडिकेटरच उरत नाही. लो बीम, असेल तर फॉग लॅम्प, आणि वेग कमी. हाय बीम धुक्यावर आपटून परत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. पुढे अचानक सगळे थांबले असतील, तर मागच्याला कळावं म्हणून काही क्षण चारही इंडिकेटर लावणं योग्य. ते काम झालं की बंद.

१२. समृद्धीच्या बोगद्यात दिवे असतात. तिथेही लाइट लावायचा?

हो. इगतपुरीजवळचा तो जुळा बोगदा जवळपास ८ किलोमीटरचा आहे. बाहेरच्या उन्हातून आत शिरताना पहिले काही सेकंद डोळे जुळवून घेत असतात आणि तेवढ्यात गाडी शे-दोनशे मीटर आत गेलेली असते. आत गेल्यावर बटण शोधण्यापेक्षा तोंडाशी येण्याआधीच लावा आणि काळा गॉगल काढा. दुचाकीवाल्यांना हा प्रश्न पडायचं कारण नाही, समृद्धीवर दुचाकीला परवानगी नाही.

१३. जुन्या गाडीला बाजारातून डीआरएल पट्टी बसवून घेतली तर चालेल?

आमचा सल्ला: नको, लो बीम लावा, तो फुकट आहे. बाजारातल्या पट्ट्यांत निळ्या, लाल, नाचणाऱ्या असे सगळे प्रकार मिळतात. पुढच्या बाजूला लाल दिवा दाखवायला नियम १०८ ची मनाई आहे. पट्टी इंडिकेटरला खेटून असेल तर इंडिकेटर दिसत नाही. कंपनीच्या कित्येक गाड्यांत त्या बाजूचा डीआरएल इंडिकेटर देताच मंद होतो तो यासाठीच. शिवाय वायर कापून जोड दिला, की वायरिंगची वॉरंटी गेली म्हणून समजा.

हॅलोजनच्या होल्डरमध्ये स्वस्तातला एलईडी बल्ब कोंबणं याहून वाईट. रिफ्लेक्टर हॅलोजनच्या तारेच्या जागेनुसार घडवलेला असतो. तिथे एलईडी आला की प्रकाश कुठेही फाकतो, आणि लो बीमसुद्धा हाय बीमसारखा डोळ्यांत घुसतो.

१४. मेकॅनिक म्हणतो एएचओ काढून स्विच बसवून देतो. बसवू का?

नको. सुरक्षेसाठी सक्तीने दिलेली वस्तू काढली, तर तो गाडीत केलेला बेकायदा बदल ठरू शकतो, आणि पेट्रोलही वाचत नाही (प्रश्न ९). “रात्री गल्लीत शिरताना लोकांच्या खिडकीत उजेड जातो” ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे शेवटचे दहा मीटर इंजिन बंद करून गाडी ढकला.

१५. सगळ्यांनीच लाइट लावले तर दुचाकी त्या गर्दीत हरवणार नाही का?

रास्त शंका आहे आणि तज्ज्ञांमध्येही यावर वाद आहे. फिनलंडने १९७२ मध्ये हिवाळ्यापुरती सुरुवात केली, स्वीडनने १९७७ मध्ये सगळ्यांना बारमाही सक्ती केली, कॅनडात १९९० पासूनच्या नव्या गाड्यांना डीआरएल आला. उत्तरेकडच्या त्या देशांत सूर्य बराच काळ क्षितिजालगत असतो, म्हणून तिथे फायदा ठळक दिसला. ऑस्ट्रियाने २००५ मध्ये सक्ती आणली आणि २००८ च्या सुरुवातीला मागे घेतली. इतर गाड्यांच्या झगमगाटात दुर्बळ वाहनं दिसेनाशी होतात, हा तिथल्या विरोधकांचा एक मुद्दा होता. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याच्या २००८ च्या अभ्यासात कारच्या डीआरएलचा एकूण परिणाम ठोसपणे सिद्ध झाला नाही.

दुचाकीची बाजू जास्त भक्कम आहे. मलेशियात दुचाकींची गर्दी आपल्यासारखीच, आणि ऊनही तसंच. तिथे १९९२ पासून दुचाकीला दिवसा लाइट सक्तीचा आहे. आपल्याकडेही सक्ती आधी दुचाकीला आली, ते आम्हाला बरोबर वाटतं. चौकात वळणारा कारवाला कार शोधत असतो. समोरून पाहिलं तर मोटारसायकल एका माणसाच्या रुंदीची. तिला दिव्याचा आधार हवाच. गर्दीत हरवायची भीती वाटत असेल तर भडक रंगाचं जॅकेट घाला, काळं नको.

१६. संध्याकाळी निफाडहून नाशिककडे येताना सूर्य थेट डोळ्यांवर असतो. तेव्हा लाइटचा काय उपयोग?

तुम्हाला काहीच नाही, तुमच्याकडे बघणाऱ्याला थोडा. तुमच्या समोरून येणाऱ्यांच्या पाठीशी सूर्य आहे, म्हणून तुम्हाला ते काळ्या सावल्यांसारखे दिसतात. त्यांनी लाइट लावले असतील तर त्या सावलीत निदान दोन ठिपके दिसतात. इथे उलटा विचार करायला शिका: तुमची सावली तुमच्या पुढे लांब पडली असेल, तर सूर्य तुमच्या पाठीशी आहे आणि समोरचा आंधळा झालाय. त्या वेळी तुम्ही लाइट लावायचा आणि ओव्हरटेक टाळायचा.

१७. एका बाजूचा हेडलाइट गेलाय. दिवसा तसाच लावून जाऊ का?

गॅरेजपर्यंत जा. एकाच दिव्याची कार लांबून मोटारसायकल वाटते आणि समोरचा तिला तेवढीच जागा ठेवतो. उजवा गेला असेल तर ते जास्तच घातक, कारण समोरच्याकडची बाजू तीच. बल्ब बदलायला दहा-पंधरा मिनिटं लागतात.

१८. ट्रॅक्टर-ट्रॉली, बैलगाडी, सायकल यांचं काय? यांना तर लाइटच नसतो.

ट्रॅक्टरला हेडलाइट असतो, तो दिवसाही लावावा. अडचण ट्रॉलीची आहे. उसाने भरलेल्या ट्रॉलीचे वाढे मागे इतके लोंबतात, की दिवा असला तरी झाकला जातो. कांद्याच्या ट्रॉलीवर ताडपत्री येते. म्हणून परावर्तक पट्टी: पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल, आणि मालाने झाकली जाणार नाही अशी खाली, फळीच्या कडेला. चिखलाने माखलेली पट्टी नसल्यासारखीच, निघताना एकदा ओल्या फडक्याने पुसा. पण ती दुसऱ्याच्या लाइटवर चमकते. मागून येणाऱ्याने लाइटच लावला नसेल, तर धुक्यात तिचा उपयोग शून्य. सायकलला मागे लुकलुकणारा लाल दिवा बसवा, दिवसाही चालू ठेवा.

१९. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या त्र्यंबकेश्वरला निघतात. पहाटे त्यांच्या मागे-पुढे गाडी असेल तर लाइट कसा ठेवायचा?

लो बीम, आणि वेग चालण्याच्या जवळपास. पौष वद्य एकादशीच्या आधीचे दिवस थंडीचे आणि धुक्याचे. वारकरी पांढऱ्या कपड्यांत असतात आणि पांढऱ्या धुक्यात पांढरं दिसत नाही. मागून हाय बीम मारला तर चालणाऱ्याची स्वतःचीच सावली त्याच्या पुढ्यात पडते आणि पायाखालचा खड्डा त्याला दिसत नाही. हॉर्न नको. दिंडीबरोबरचं वाहन असेल तर ते दिंडीच्या मागे ठेवा, मागचे लाल दिवे आणि चारही इंडिकेटर चालू. इथे ते योग्य आहेत, कारण तुम्ही खरंच रस्ता अडवून चालला आहात (प्रश्न ११ मधल्या नियमाला हा अपवाद). शेवटच्या दोन-तीन वारकऱ्यांच्या पाठीवर परावर्तक पट्टीचं जाकीट असलं तर उत्तम. ते दिंडीप्रमुखांना निघायच्या आदल्या दिवशीच सांगा. पहाटे चारला ऐकायला कोणाला वेळ नसतो.